फाशातली हरणी

आज गच्चीवर काय झालं ते मी पाहिलं. पिंट्याने पलीकडच्या छोट्याचा, खाली उतरत असलेला पतंग काटला आणि चारही बाजूंच्या गच्च्या त्याच्यावर ओरडल्या. संक्रांतीला येवल्यात पतंग उडवणारा कधी एकटा नसतो. मागे मांज्याची आसारी धरणारा उभा असतो आणि सगळी गल्ली वर बघत असते. रुसू नकोस पिंट्या, बस इथे. उतरता पतंग काटायचा नाही, तसाच सगळ्यांच्या नजरेसमोर पाळायचा एक नियम आहे. त्यासाठी आज फाशाची गोष्ट सांगतो.

आपल्या तालुक्यात नांदगावच्या बाजूला राजापूर-ममदापूरचं माळरान आहे. सुमारे ५४ चौरस किलोमीटर रान आज काळविटांसाठी राखून ठेवलंय. तिथे तुम्ही कळप पाहिलाय. शिंगांचा पीळ फक्त नराला. पाडस असताना तोही आईसारखाच बदामी दिसतो, मग वयात येताना पाठ काळी पडत जाते. हरणीला शिंगं नसतात. ती पाच-सहा महिने पोटात वाढवते ते एकच पाडस. जन्मल्यावर ते पाडस गवतात असं निपचित पडून राहतं, की दोन पावलांवर उभं राहिलात तरी दिसणार नाही.

आता जुन्या काळात चला. अशा माळांवर फासेपारधी फिरायचे. हरणांच्या वाटेवर रांगेने फासे रोवायचे आणि कळप हळूच त्या बाजूला हाकायचा. हे एकट्याचं काम नव्हे. भाऊ लागतात, पुतणे लागतात. फाशात पाय अडकला की जनावर जिवंत सापडतं. पारधी जवळ जातो, हात लावतो, आणि तेव्हा त्याला कळतं की पोट जड आहे. हरणी गाभण आहे.

माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा हे दोन शास्त्रज्ञ महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींमध्ये हिंडले, त्यांच्याशी बोलले. त्यांनी लिहून ठेवलंय की फाशात गाभण हरणी किंवा पाडस सापडलं, तर फासेपारधी ते सोडून देत. विचार करा, घरी चूल थंड आहे आणि हातातली शिकार सोडायची!

का सोडायची? गणित करून बघा. कळपात हरण्या पुष्कळ असतात, त्यांच्यावर हक्क सांगणारा काळा नर एखादाच. बाकीचे तरणे नर वेगळा कळप करून बाजूला चरतात. तो एक नर गेला, तर त्यांतला दुसरा त्याची जागा घेतो आणि पुढच्या हंगामातही तेवढीच पाडसं जन्मतात. हरणी गेली तर ती गेली, पोटातलं गेलं, आणि पुढे दरवर्षी होणारी पाडसंही गेली. हे कोणत्याही शाळेत शिकवलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या त्याच माळावर पोट भरणाऱ्या माणसाला ते ठाऊक होतं. उद्या याच रानात आपला मुलगा येणार आहे, हे त्याला दिसत होतं.

आणि दिसण्यावरून आणखी एक सांगतो. हरणी सोडली की मारली, हे सोबतचे सगळे पाहत. भाऊबंदांच्या नजरेसमोर केलेलं काम लपत नाही. या जमातींच्या पंचायती असत, भांडणं तिथे जात. त्या पंचायतींनी माणसांवर, बायकांवर तर फारच, क्रूर निवाडेही लादले, बहिष्कार टाकले. असल्या बहिष्कारांविरुद्ध विधिमंडळाला २०१६ साली कायदा करावा लागला. तेही तुम्हाला माहीत असावं, म्हणून सांगितलं.

मग बंदूक आली, जीप आली, रात्रीचा झोत आला. गोळीला हात लावून बघायला वेळ नसतो. निर्णय घोडा दाबण्याआधी, लांबून, क्षणात. पोट जड आहे की नाही ते झोताच्या उजेडात कसं कळणार? आणि बघायला आहेच कोण? आपण सोडलेली हरणी दुसरा मारणारच असेल, तर पारध्याने तरी ती का सोडावी? नियम तिथेच सैल पडला. त्यात १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कित्येक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली होती, पारध्यांवरही तो शिक्का बसला. कायद्यातून तो १९५२ साली पुसला गेला. लोकांच्या नजरेतून अजून नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. १९७२ पासून काळवीट मारणं कुणालाच माफ नाही, पारध्यालाही नाही. ते योग्यच आहे. पण हरणी सोडून देणाऱ्या त्या माणसाला आपण शिकारी म्हणून फक्त धाक दाखवला, त्याला माळरानाबद्दल काही विचारलं नाही.

मे महिन्यात तुम्हाला ममदापूरला नेईन. पाणवठ्यावर संध्याकाळी कळप येतो. एखादी हरणी मागे रेंगाळते, जड पावलांनी. ती पाणी पिऊन मान वर करेपर्यंत कुणी गाडीतून उतरायचं नाही. पिंट्या, तू माझ्या शेजारी बसायचंस.