किराळ लागतं म्हणजे नेमकं काय होतं?

वळवाचा एखादा पाऊस झाला, की अथणी, रायबाग, जत भागात काढलेल्या शाळवाच्या रानात धसकटांना कोवळे पोंगे फुटतात. उन्हाळाभर वाळल्या कडब्यावर असलेलं जनावर त्यावर तुटून पडतं. थोड्याच वेळात धाप लागते, तोंडाला फेस येतो, पाय लटपटतात आणि जनावर आडवं होतं. जाणती माणसं म्हणतात, किराळ लागलं. बाकीचे साप चावला म्हणतात, नाहीतर नजरेवर ढकलतात.

खरं कारण पोटात असतं. गाय-म्हैस जे खाते ते आधी कोठीपोटात जातं. तिथल्या एका मिलिलिटर रसात सुमारे १,००० कोटी जीवाणू असतात. गवत-कडबा पचवायची ताकद गाईची नाहीच, ती या जीवाणूंची. ते चारा आंबवतात आणि गाय त्यावर जगते.

कोवळ्या ज्वारीत मात्र हेच पोशिंदे घात करतात. तिच्या पानांत धुरिन नावाचं द्रव्य असतं. त्यात सायनाईड साखरेला बांधून ठेवलेलं असतं, त्यामुळे झाडाला ते बाधत नाही. जनावरानं पान चावलं की पानातले विकर ही गाठ सोडू लागतात आणि कोठीपोटातले जीवाणू उरलेलं काम पुरं करतात. घोड्याच्या, डुकराच्या जठरातल्या आम्लामुळे ही क्रिया मंदावते. कोठीपोटात तेवढं आम्ल नसतं. म्हणून रवंथ करणाऱ्या जनावरांनाच किराळाचा धोका जास्त. मोकळं झालेलं सायनाईड रक्तातला प्राणवायू पेशींना वापरू देत नाही. रक्त लालभडक, तरी जनावर गुदमरतं.

दीड-दोन फुटांपर्यंतची, पाण्याचा ताण बसलेली किंवा कापल्यावर पुन्हा फुटलेली ज्वारी सगळ्यात वाईट. उपाशी जनावर अशा रानात सोडणं म्हणजे जुगारच. पक्व ज्वारीच्या नीट वाळवलेल्या कडब्यात हे भय फारसं राहत नाही. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून दिलं तर जनावर वाचू शकतं, पण ते काम डॉक्टरचं आणि हातात वेळ थोडा. फोन करतानाच ‘ज्वारीचे पोंगे खाल्लेत’ एवढं सांगितलं तरी डॉक्टर तयारीनं निघतात.

खानापूर-चंदगडच्या जंगलकडेला दुखणं वेगळं, घाणेरीचं. तिचं विष यकृतावर बसतं आणि कोठीपोटाची हालचाल थंडावते, त्यामुळे आत पडून राहिलेला पाला पुढेही विष सोडत राहतो. इथंही जीवाणूंचा एक धागा आहे. हिरव्या चाऱ्यातलं हरितद्रव्य मोडून ते रोजच फायलोएरिथ्रिन तयार करतात आणि यकृत ते पित्तातून बाहेर टाकतं. यकृतच बसलं की ते रक्तातून कातडीत येतं आणि उन्हात कातडी भाजते. काळ्या-पांढऱ्या एचएफ गाईचा नेमका पांढरा भाग सोलतो तो यामुळे. अशी गाय सावलीत बांधायची, ती याचसाठी.

सुबाभळीची गोष्ट उलटी आहे. तिच्या पाल्यात मिमोसिन असतं. ते मोडून तयार होणारा पदार्थ गलग्रंथी बिघडवतो. जनावराचे केस झडतात, वजन घटतं. ऑस्ट्रेलियात गुरं याला कंटाळली होती, पण हवाईतल्या शेळ्या तोच पाला मजेत खात. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञानं १९८०च्या दशकात त्या शेळ्यांच्या कोठीपोटातले जंतू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांत सोडले आणि विषबाधा थांबली. १९९२मध्ये त्या जीवाणूला त्यांच्याच आडनावावरून ‘सिनर्जिस्टिस जोन्सी’ हे नाव मिळालं. पुढं तो इतर देशांतल्या जनावरांतही सापडला.

म्हणजे एकच पाला एका गोठ्यात चारा, दुसऱ्यात विष. बाजारातून आणलेल्या नव्या जनावराला सुबाभूळ पहिल्या दिवशीच पेंढीभर टाकू नये. मूठ-दोन मुठींपासून सुरुवात करावी, आणि सवय झाल्यावरही एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्यावर जाऊ नये.