बी शिदोरी घेऊन येतं

मृग लागायला दोन आठवडे उरले की आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दह्याचे रिकामे डबे जमू लागतात. टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं करायची ही वेळ. तापवलेल्या खिळ्यानं डब्यांना भोकं पाडून झाली की दरवर्षी तोच वाद: आत भरायचं काय? तिसऱ्या मजल्यावरच्या काकू शेणखताच्या बाजूच्या, त्यांचा मुलगा कोकोपीटच्या आणि मी, बरीच वर्षं, गांडूळखताच्या. भरपूर खत घातलं की रोप जोमदार येणार, हे मला इतकं उघड वाटायचं की तपासून पाहायचं कधी सुचलंच नाही.

मग एका वर्षी मिरचीचं बी निव्वळ गांडूळखतात पेरलं. बरंचसं उगवलंच नाही. जी रोपं वर आली ती आदल्या संध्याकाळी ताठ उभी होती आणि सकाळी पाहतो तर बुंध्याशी दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी पडलेली. खत विकणाऱ्याच्या नावानं बोटं मोडली. पण तेच उरलेलं खत कढीपत्त्याला घातलं, तर तो असा फोफावला की शेजारी फोडणीसाठी पानं मागून नेऊ लागले. म्हणजे खतात खोट नव्हती. मी ते घातलं नको तिथे.

टोमॅटोच्या एक ग्रॅम बियांमध्ये तीनशेच्या आसपास दाणे असतात. इतक्याशा दाण्यातही अंकुर आणि त्याला सुरुवातीला पुरेल एवढं अन्न असतं. बी घरून शिदोरी बांधूनच निघतं म्हणा ना. पहिली दोन बीजदलं उघडेपर्यंत त्याला बाहेरचा घास लागत नाही. त्याला लागतं पाणी, ऊब आणि हवा, आणि यातली हवाच आपण विसरतो. कोवळ्या मुळालाही श्वास घ्यावा लागतो. निव्वळ गांडूळखत पाणी घालून घालून गच्च बसतं, त्यातली हवा निघून जाते आणि विरघळलेले क्षार जास्त झाले की दाण्याला पाणी ओढून घेणं जड जातं. अशा ओलसर, कोंदट जागी पिथियम आणि रायझोक्टोनिया या बुरशींचं फावतं. माझ्या मिरच्या आडव्या केल्या त्या बहुधा यांनीच. शेतकरी याला रोपं कोलमडणं किंवा मर म्हणतात.

हल्ली या चुकीला आणखी एक वाट मिळाली आहे. ब्रिटिश बागकामाचे व्हिडिओ आपल्याकडे आवडीनं पाहिले जातात आणि त्यांत सारखं सांगतात, ‘कम्पोस्टमध्ये बी पेरा.’ ब्रिटनमध्ये कम्पोस्ट या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत: कुजलेलं खत आणि कुंडीत भरायचं तयार मिश्रण. बी पेरायचं ते या दुसऱ्यात, आणि त्यात खत जेमतेम असतं. आपल्याकडे कम्पोस्ट म्हणजे खतच. तेव्हा व्हिडिओ पाहून कोणी ट्रे खतानं काठोकाठ भरला, तर त्या बिचाऱ्याला काय बोलणार?

त्या तयार मिश्रणाची कथा सांगण्याजोगी आहे. लंडनच्या दक्षिणेला मर्टन इथे जॉन इन्स संस्था होती. तिथे वनस्पतींच्या आनुवंशिकतेवर संशोधन चालायचं आणि रोपंच मेली की प्रयोगही बसायचा. जो तो माळी आपापल्या अंदाजानं मिश्रण करी. १९३०च्या दशकात विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल यांनी निरनिराळी मिश्रणं पारखली आणि बियांसाठी एक प्रमाण ठरवलं: दोन भाग वाफेनं निर्जंतुक केलेली पोयट्याची माती, एक भाग पीट, एक भाग वाळू. वर थोडं सुपरफॉस्फेट आणि थोडा खडू. शेणखताचं नावही नाही. आजही जॉन इन्स हे कंपनीचं नाव नाही, ती एक कृती आहे. कुणीही करावी.

हे वाचताना मला कोकणातला राब आठवला. भाताचं बी पेरायच्या जागेवर उन्हाळ्यात फांद्या, पालापाचोळा, गवत, शेण रचून ते भाजतात आणि पाऊस पडला की तिथेच रोपं करतात. राखेचं खत मिळतं हे खरं, पण वरच्या थरातलं तणाचं बी आणि रोगजंतूही भाजून निघतात. मर्टनमध्ये जे काम वाफेनं केलं, ते इथे विस्तवानं. राबासाठी होणारी झाडांची तोड आणि धूर यांमुळे त्याऐवजी गादीवाफे सुचवले जातात, ते ठीकच. गच्चीवर राब भाजायला सोसायटीही परवानगी देणार नाही. त्याला पर्याय मे महिन्याच्या उन्हाचा: माती ओली करायची, पातळ पसरायची, वर पारदर्शक प्लास्टिक घट्ट दाबायचं आणि चार-सहा आठवडे हात लावायचा नाही.

आता डब्यांत भरण्याच्या गोष्टी एकेक करून. नुसती काळी माती नको. पाणी पडलं की ती चिकट होते, वाळली की वर पापुद्रा धरते आणि मिरचीच्या कोंबाला तो फोडवत नाही. शेणखत जुनं, भुरभुरीत, वास गेलेलं असेल तर चिमूटभर चालेल. अर्धवट कुजलेलं असेल तर त्यात उष्णता असते, तणाचं बी असतं, कधी हुमणीची अळीही निघते. काकूंना हे मान्य नाही.

कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणातून काथ्या काढताना उरणारा भुसा. केरळ-तमिळनाडूत त्याचे एकेकाळी नुसते ढीग पडत. आज नारायणगाव-जुन्नरकडच्या टोमॅटोच्या रोपवाटिका ९८ कप्प्यांच्या प्रो-ट्रेमध्ये हेच भरतात. हलकं, स्वच्छ, आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरणारं आणि तरी हवा राखणारं. पाच किलोची वीट भिजवली की बादल्यांमागून बादल्या भरतात. बी रुजवायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही मी वापरलेलं नाही.

पण त्याच्या दोन खोडी आहेत. पहिली मिठाची. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार बरेच असू शकतात. धुताना चहासारखं तपकिरी पाणी निघतं आणि ते फिकं झालं की लोक थांबतात. पण रंग भुशाच्या टॅनिनचा, मिठाला रंग नाही! घरात पाणी तपासायची टीडीएसची पेन असेल तर निथळलेल्या पाण्यात बुडवून पाहा. नळाच्या पाण्याच्या आकड्याच्या जवळ येईपर्यंत धूत राहायचं. विकत घेताना ‘लो ईसी’, म्हणजे कमी क्षारांचं, असं लिहिलेलं घेतलं तर हा खटाटोप वाचतो. दुसरी खोडी फसवेपणाची. वरून ते कोरडं दिसतं, आत ओलंच असतं, आणि आपण पुन्हा पाणी घालतो. बोट खुपसून पाहिल्याशिवाय झारी उचलू नये.

घरच्या ओल्या कचऱ्याच्या खताबद्दल मात्र सावध राहायला हवं, कारण त्यावर आपलं प्रेम असतं. मोठ्या ढिगात ५५ अंशांच्या वर उष्णता काही दिवस टिकली तर तणाचं बी आणि रोगजंतू मरतात. बाल्कनीतली बादली सहसा तितकी तापत नाही. म्हणून तर त्या खतातून टोमॅटो, भोपळा, पपई आपोआप उगवतात आणि ट्रेमध्ये पहिला कोंब दिसला की तो पेरलेल्या वांग्याचा की मागच्या महिन्यातल्या कोशिंबिरीचा, हेच कळत नाही. त्यात खत कच्चं असेल तर त्यातला अमोनिया आणि सेंद्रिय आम्लं कोवळी मुळं जाळतात.

खत पिकलं का, हे ओळखायचं साधन आपल्या फडताळातच आहे. बाळंतिणीच्या लाडवांचे अळीव. इटलीच्या झुकोनी यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८१मध्ये मांडलेली चाचणी याच बियांवर बेतलेली होती. घरगुती पद्धत अशी: वाटीभर खत पाच वाट्या पाण्यात ढवळून काही तास ठेवायचं आणि फडक्यातून गाळायचं. दोन बश्यांत टिश्यू पेपर घालून वीस-वीस अळीव मांडायचे. एका बशीत साधं पाणी, दुसरीत खताचं. दोन-तीन दिवसांनी मोजदाद. समजा साध्या पाण्यात वीस रुजले आणि खताच्या पाण्यात अठरा, म्हणजे ९० टक्के. मुळं साध्या पाण्यातल्यांच्या मानानं ८० टक्के लांब. गुणाकार ७२ टक्के. ८०च्या वर खत निर्धोक, ५०च्या खाली असेल तर बादलीवर झाकण ठेवून आणखी महिनाभर विसरून जायचं.

पालापाचोळ्याचं खत मला सगळ्यांत आवडतं, फक्त त्याला वर्षभराचा धीर लागतो. आंबा-फणसाची पानं कुजायला रेंगाळतात, पर्जन्यवृक्षाची बारीक पानं त्यामानानं लवकर विरतात. चाळून जाड वाळूत मिसळलं की कोकोपीटची गरज उरत नाही.

आणि गांडूळखत? त्याला मी वाळीत टाकलेलं नाही. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात क्लाइव्ह एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत मिश्रणात १० ते ४० टक्के गांडूळखत असताना रोपांची वाढ सर्वांत चांगली दिसली. त्याहून जास्त घालून तितका लाभ झाला नाही. माझं प्रमाण आता चार डबे धुतलेलं कोकोपीट आणि एक डबा चाळलेलं गांडूळखत. बी त्याच्या जाडीच्या दुपटीइतकं खोल, पाणी खालच्या ताटलीतून, आणि डबे वाऱ्याच्या वाटेवर.

टोमॅटोची बीजदलं साधी, लांबट, कडा सरळ असतात. त्यांच्यामधून कातरलेल्या कडांचं पान डोकावलं की शिदोरी संपत आली समजायचं. त्या दिवशी मी डबा घेऊन तिसऱ्या मजल्यावर जातो, काकूंकडे शेणखत मागायला.