गरोदर भगिनी आणि घरकाम : बळाप्रमाणे काम

गरोदर बाईच्या घरकामाविषयी आपल्या घरांतून दोन टोकांची मते ऐकावयास मिळतात. "आम्ही नवव्या महिन्यापर्यंत खुरपलं, आम्हाला काय झालं?" असे जुन्या आया म्हणतात. उलट काही घरी दिवस गेल्याचे कळताच सुनेला खाटेवरून उठू दिले जात नाही. आमच्या मते ही दोन्ही टोके सोडली पाहिजेत. तब्येत ठीक असेल व डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर स्वयंपाक, झाडलोट, भाजी निवडणे, थोडे चालणे ही कामे अपायकारक नाहीत. प्रश्न कामाचा नसून ओझ्याचा, धुराचा, विषाचा आणि विश्रांतीचा आहे.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यात नोकराला त्याच्या बळाप्रमाणे काम द्यावे, हे मालकाचे कर्तव्य सांगितले आहे. जो न्याय नोकराला, तो घरच्या सुनेला का नसावा?

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकास पाठिंबा दिला. प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. पुढे १९६१ च्या केंद्रीय कायद्याने अखेरच्या महिन्यांत स्त्रीने विनंती केल्यास तिला कष्टाचे किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम देऊ नये, असे बंधन मालकावर घातले. २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. आम्ही बँकेत नोकरी करतो, तेथे भगिनींना ही रजा मिळते. परंतु घरातील चूल, हंडा आणि धुण्याचा दगड यांना कोणताही कायदा लागू नाही. तेथे कायदा म्हणजे घरची माणसेच होत.

आता प्रत्यक्ष कामांकडे वळू. आपल्या हिंगोली जिल्ह्यात उन्हाळ्यात पाणी हे सर्वांत जड काम. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, म्हणजे पंधरा लिटरचा हंडा भांड्यासह पंधरा किलोंहून अधिक होतो. गर्भारपणात सांध्यांचे बंध सैल होतात, पोटामुळे तोल पुढे जातो आणि कंबरेवर ताण येतो. म्हणून हंडा, सिलिंडर, धान्याचे पोते तिने उचलू नये. लहानसहान वस्तू उचलताना कंबरेत न वाकता गुडघे वाकवून, वस्तू अंगाजवळ धरून उठावे. स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढू नयेत. ओल्या न्हाणीत व शेवाळलेल्या ओट्यावर जपून पाऊल टाकावे.

स्वयंपाक शक्यतो बसून, टेकून करावा. फार वेळ उकिडवे बसू नये, एकदम उठू नये, घेरी येते. फरशी पुसल्याने बाळंतपण सोपे होते, अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. लांब दांड्याचे पुसणे वापरावे. चुलीचा धूर आईच्या छातीला वाईटच, पण त्याने बाळाचे वजनही कमी भरू शकते. गॅस असेल तर या महिन्यांत तोच वापरावा, नसेल तर चूल उघड्यावर मांडावी. हळद शिजवण्याच्या कढईजवळ, तसेच चाळीस अंशांच्या उन्हात तिला राबवू नये.

संडास धुण्याचे ॲसिड व ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी वायू निघतो. फवारणीचे औषध कालवणे आणि फवारणीचे कपडे धुणे हे काम तिचे नव्हे. शेळी किंवा गाय व्याली अथवा गाभडली, तर वार व घाण दुसऱ्याने उचलावी, कारण त्यातून गर्भाला बाधणारे आजार येतात. कच्चे मटण, माती वा मांजराची घाण हाताळावी लागल्यास साबणाने हात धुवावेत.

दुपारी दोन तास व रात्री आठ तास झोप मिळावी. दिवस भरत येतील तसे उताणे न झोपता डाव्या कुशीवर झोपावे. सुनेने सर्वांत शेवटी, उरलेसुरले खाण्याची रीत बंद झाली पाहिजे. हिमोग्लोबिन अकराच्या खाली असणे म्हणजे गरोदरपणातील रक्तक्षय. अशी बाई थोड्या कामानेही धापा टाकते, तिला आळशी म्हणू नये. लोहाची गोळी रोज एक याप्रमाणे किमान १८० दिवस घ्यावी व ती चहाबरोबर घेऊ नये. चौथ्या महिन्यापासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. त्या दिवशी तरी घरकामाची सबब सांगू नये.

अंगावरून रक्त वा पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर व हातांवर सूज, झटके, ताप, पोटात सतत कळा, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसल्यास हातातले काम टाकावे आणि १०८ क्रमांकावर फोन करून दवाखाना गाठावा. भाकरी कोणीही थापील.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी वहिनी किंवा बहीण गरोदर असेल तर पाण्याचा हंडा तुम्ही उचला. उपासक बंधूंनीही धुणे आणि झाडू हाती घेण्यात कमीपणा मानू नये. बाबासाहेबांनी मातेच्या विश्रांतीसाठी विधिमंडळात आवाज उठवला. आपल्याला तर केवळ आपल्याच उंबऱ्याच्या आत ती द्यावयाची आहे. एवढे केले तरी आपल्या घरात धम्म आचरणात आला, असे आम्ही समजू.

जयभीम! नमो बुद्धाय!