निवडलेल्यांची शाळा

अलिबाग तालुक्याच्या उत्तर टोकाला, धरमतरच्या खाडीच्या मुखाशी रेवस हे बंदर आहे. खाडीच्या पलीकडे उरण तालुक्यातील करंजा दिसते आणि उत्तरेकडे समुद्र ओलांडला की मुंबई लागते. भरतीच्या वेळी धक्क्याला पाणी भिडते. ओहोटीला त्याच जागी चिखल उघडा पडतो. पौर्णिमा आणि अमावास्या यांच्या सुमारास समुद्राला उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. ही सारी माहिती पुस्तकात वाचण्यापूर्वीच येथील कोळ्यांच्या मुलांना ठाऊक असते.

मासेमारीच्या होडीवर अनेक खलाशी असतात. परंतु होडी कोठे न्यायची, हे ठरविणारा एकच असतो. त्याला तांडेल म्हणतात. वाऱ्याचा रोख, पाण्याची ओढ आणि पाण्याखाली दडलेले खडक ज्याला अचूक कळतात, त्याच्याकडे हे काम येते. त्याची परीक्षा कागदावर होत नाही. ती वर्षानुवर्षे समुद्रावरच होत असते. तांडेलाला मान असतो, हे खरे. पण होडीतील प्रत्येक माणूस सुखरूप घरी आणण्याचा भारही त्याच्याच शिरावर असतो. मान आणि भार ही दोन्ही एकदमच त्याच्या वाट्याला येतात.

१७ जुलै १९४७ हा दिवस या किनाऱ्यावरील लोक विसरलेले नाहीत. आषाढी अमावास्येचा तो सुमार होता. ‘रामदास’ ही आगबोट उतारूंनी भरून मुंबईहून रेवसकडे निघाली आणि वाटेत वादळी समुद्रात बुडाली. सहाशेहून अधिक माणसे त्या दिवशी मृत्यू पावली. त्या खवळलेल्या पाण्यातून काही जणांचे प्राण वाचले, ते कोळ्यांच्या होड्यांमुळे. ज्यांना समुद्र कळत होता, त्यांनी आपले ज्ञान परक्या माणसांसाठी पणाला लावले. अंगी असलेला गुण कशासाठी असतो, याचे याहून स्पष्ट उत्तर मिळणे कठीण आहे.

समुद्रावर जसे काही जण अधिक जाणते असतात, तसेच शाळेच्या वर्गातही दिसून येते. एखादे गणित फळ्यावर लिहिले जात असतानाच काही मुलांना त्याची रीत सुचते. शिक्षकांनी एक गोष्ट सांगितली की त्यांना तिच्या पुढच्या चार गोष्टी विचाराव्याशा वाटतात. अशा मुलांनी सगळ्यांच्या बरोबर थांबून राहावे, की त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था असावी? आणि वेगळी व्यवस्था केली, तर ती मुले गर्विष्ठ होणार नाहीत का? शिक्षणाचा विचार करणाऱ्यांना हे प्रश्न अनेक वर्षे पडत आले आहेत. सह्याद्रीच्या पलीकडे, पुणे शहरात, या प्रश्नांचे एक उत्तर शोधण्याचा प्रयत्न झाला आणि तो आजही चालू आहे. त्या प्रयत्नाचे नाव ज्ञान प्रबोधिनी.

ज्ञान प्रबोधिनी ही संस्था डॉ. विनायक विश्वनाथ पेंडसे यांनी १९६२ मध्ये स्थापन केली. त्यांना सर्वजण आदराने आप्पा म्हणत. देशाच्या निरनिराळ्या क्षेत्रांत बुद्धिमान आणि निःस्वार्थी माणसांची गरज आहे. अशी माणसे आपोआप तयार होत नाहीत, त्यांना लहानपणापासून घडवावे लागते, असा त्यांचा विचार होता. आरंभी निरनिराळ्या शाळांतील हुशार मुलांना शाळेच्या वेळेबाहेर एकत्र जमवून त्यांना अधिक शिक्षण दिले जाई. पुढे १९६९ मध्ये सदाशिव पेठेत मुलांची स्वतंत्र प्रशाला सुरू झाली आणि १९७५ मध्ये मुलींचीही प्रशाला निघाली.

ही शाळा सरकारने काढलेली नाही. ती एका संस्थेने चालविलेली आहे. येथे प्रवेश मिळतो तो इयत्ता पाचवीत. प्रत्येक वर्षी सुमारे चाळीस मुलगे आणि तितक्याच मुली घेतल्या जातात. जागा थोड्या आणि येऊ इच्छिणारे पुष्कळ, म्हणून निवड करावी लागते. ही निवड केवळ मागील इयत्तेच्या गुणांवरून होत नाही; त्यासाठी बुद्धिमापनाच्या चाचण्या घेतल्या जातात.

बुद्धी मोजायची म्हणजे काय करायचे? कापड गजाने मोजता येते, दूध मापाने मोजता येते. परंतु बुद्धी दिसत नाही. तिने केलेले काम मात्र दिसते. म्हणून मुलांना निरनिराळी कोडी देतात आणि ती कशी सोडविली, हे पाहतात. या चाचण्यांचा इतिहासही जाणण्यासारखा आहे. फ्रान्स देशातील आल्फ्रेड बिने या मानसशास्त्रज्ञाने थिओडोर सिमाँ या सहकाऱ्याच्या साहाय्याने १९०५ मध्ये बुद्धिमापनाची पहिली उपयुक्त चाचणी तयार केली. ती हुशार मुले वेचून काढण्यासाठी नव्हती. वर्गात मागे पडणाऱ्या कोणत्या मुलांना जास्त मदतीची गरज आहे, हे ओळखण्यासाठी ती होती. पुढे जगभर तिचा उपयोग दोन्ही कामांसाठी होऊ लागला.

अमेरिकेतील जे. पी. गिलफर्ड या मानसशास्त्रज्ञाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. बुद्धी ही एकच शक्ती नसून ती अनेक शक्तींचा समूह आहे, असे त्याचे मत होते. काही प्रश्नांना एकच बरोबर उत्तर असते. तेथे अचूकपणा लागतो. काही प्रश्नांना अनेक उत्तरे असू शकतात. तेथे कल्पकता लागते. समजा, कोणी विचारले, ‘फाटलेले जुने जाळे कोणकोणत्या कामी येईल?’ एक मूल म्हणेल, ते दुरुस्त करून पुन्हा मासे धरावेत. दुसरे म्हणेल, वेलींना चढण्यासाठी मांडव करावा. तिसरे कोंबड्यांसाठी कुंपण करील, चौथे त्याचा झोपाळा बांधील. यांतील एकही उत्तर चूक नाही. अधिक आणि अधिक वेगळी उत्तरे ज्याला सुचतील, त्याची कल्पकता मोठी. ज्ञान प्रबोधिनीच्या चाचण्यांमागे गिलफर्डच्या या विचाराचा आधार आहे. केवळ पाठांतर करून अशा चाचण्यांत यश मिळत नाही.

निवड झाल्यावर खरे काम सुरू होते. प्रशालेत दिवसाचा आरंभ उपासनेने होतो. मुले इतर शाळांप्रमाणेच भाषा, गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल हे विषय शिकतात. परंतु पाठ्यपुस्तक संपले म्हणजे अभ्यास संपला, असे येथे मानले जात नाही. विद्यार्थी ‘प्रकल्प’ करतात. स्वतः एखादा प्रश्न निवडायचा, त्याविषयी वाचायचे, लोकांना भेटून माहिती गोळा करायची, ती तपासायची, लिहून काढायची आणि शेवटी सर्वांसमोर मांडायची, असे या कामाचे स्वरूप असते. पुस्तकातील प्रश्नाचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी मिळते. प्रकल्पातील प्रश्नाचे उत्तर कोठेच छापलेले नसते. ते शोधताना पुष्कळदा चुका होतात, आणि हुशार म्हणून नावाजलेल्या मुलालाही ‘मला हे कळले नाही’ असे म्हणावे लागते. अशा मुलांनी शिकण्याजोगी ही मोठीच गोष्ट आहे. ज्याला सारे चटकन येते, त्याला अपयशाची सवय नसते. आणि अपयश पचविता आल्याशिवाय कोणतेही मोठे काम तडीस जात नाही.

अभ्यासाबरोबर खेळ, व्यायाम आणि अभ्याससहली यांनाही येथे स्थान आहे. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत येथील विद्यार्थ्यांचे बरची नृत्य पाहण्यास लोक गर्दी करतात. आठवीच्या सुमारास विद्यार्थी ‘विद्याव्रत’ घेतात. आपण विद्या कशासाठी मिळवीत आहोत, याचा विचार करण्याचा तो प्रसंग असतो.

संध्याकाळी ही मुले आपापल्या घरी परततात. ही दिवसाची शाळा आहे, वसतिगृहाची नव्हे. ही गोष्ट वरवर लहान दिसते, पण तिला अर्थ आहे. शाळेत निवडलेला म्हणून ओळखला जाणारा मुलगा घरी आला की कोणाचा तरी धाकटा भाऊ असतो. त्याला दुकानातून साखर आणावी लागते आणि आळीतल्या मुलांच्या खेळात राज्यही घ्यावे लागते. आळीत पतंग उडविण्यात किंवा आजारी माणसाची शुश्रूषा करण्यात त्याच्यापेक्षा सरस असलेली मुले त्याला रोज भेटतात. त्यामुळे आपण जगाहून निराळे नाही, याची त्याला आठवण राहते.

तरीही एक शंका उरतेच. दहा वर्षांच्या मुलांची परीक्षा घेऊन थोड्यांना घ्यावे आणि पुष्कळांना परत पाठवावे, हे योग्य आहे काय? ज्याला प्रवेश मिळाला नाही, त्या मुलाच्या मनाला काय वाटत असेल? ही शंका खोटी नाही. चाचणी एका दिवसाचे काम पाहते. मुलाचे सारे आयुष्य पाहत नाही. धैर्य, चिकाटी, प्रामाणिकपणा आणि दया मोजण्याचे माप अद्याप कोणाला नीट सापडलेले नाही. स्वतः बिनेचेही असेच मत होते की बुद्धी ही दगडासारखी अचल वस्तू नसून योग्य शिक्षणाने ती वाढू शकते. म्हणून निवड न होणे म्हणजे ‘तू बुद्धिमान नाहीस’ असा निकाल मुळीच नव्हे. त्या दिवशी, त्या कोड्यांत, दुसरी मुले पुढे गेली. एवढाच त्याचा अर्थ.

खेड्यांतील मुलांना संधी मिळावी यासाठीही निराळे मार्ग निघाले आहेत. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाबरोबर जिल्ह्याजिल्ह्यांत जवाहर नवोदय विद्यालये सुरू होऊ लागली. तेथेही परीक्षा घेऊनच प्रवेश देतात. परंतु किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी राखलेल्या असतात. ही विद्यालये मात्र निवासी आहेत. रेवसच्या मुलाला तेथे जायचे, तर घर, खाडी आणि आईच्या हातची भाकरी काही वर्षे सोडावी लागेल. शिक्षणाची वाट कोणतीही धरली, तरी तिच्यासाठी काही ना काही द्यावेच लागते.

अशा निवडीतून पुढे आलेला माणूस समाजाला काय देतो, यावरच शेवटी त्या निवडीचे मोल ठरते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या परिसरात मोठा भूकंप झाला आणि हजारो माणसे दगावली. त्यानंतर ज्ञान प्रबोधिनीने त्या भागातील हराळी येथे काम उभे केले. तेथील मुलांसाठी निवासी शाळा सुरू झाली. पुण्याच्या पेठेत निघालेल्या संस्थेने पडझड झालेल्या दूरच्या खेड्यांपर्यंत जाणे आपले कर्तव्य मानले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

रेवस ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील एक उदाहरण याहून जुने आहे. या जिल्ह्याचे नाव त्या काळी कुलाबा असे होते. १८९६ मध्ये महाडजवळच्या नाते या गावी चिंतामणराव देशमुख यांचा जन्म झाला. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्तीही त्यांनी मिळविली. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री झाले. परंतु १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचे घाटू लागले, तेव्हा त्यांनी त्या निर्णयाच्या निषेधार्थ मंत्रिपदाचा राजीनामा दिला. परीक्षेतील त्यांचा पहिला क्रमांक आज फार थोड्यांना आठवतो. आपल्या लोकांसाठी त्यांनी सोडलेले पद मात्र महाराष्ट्र विसरलेला नाही.

रेवसच्या धक्क्यावर संध्याकाळी होड्या परत येतात, तेव्हा किनाऱ्यावर उभी असलेली माणसे आधी होडीत किती जण आहेत, ते मोजतात. मासळी किती मिळाली, हे त्यानंतर विचारतात. सगळे परत आले असतील, तर तांडेलाने आपले काम चोख केले. वर्गात जो पुढे आहे, त्यालाही हीच कसोटी लावावी. तो स्वतः किती पुढे गेला, हे विचारावेच. पण त्याआधी त्याने आपल्याबरोबर किती जणांना आणले, हे विचारावे.