आतड्याचा तुकडा काय सांगतो?

पोटभर जेवूनही एखाद्या मुलाच्या अंगी अन्न लागत नाही. पोट फुगते, वारंवार पातळ शौचाला होते, उंची वाढत नाही, लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही. जंतांच्या औषधानेही गुण आला नाही, तर दोष लहान आतड्यात आहे का, हे पाहावे लागते.

या आतड्याची आतली बाजू टर्किश टॉवेलसारखी असते. तिच्यावर अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे असंख्य उंचवटे असतात. त्यांना विलाय म्हणतात. त्यांच्यामुळे अन्नरस शोषणारे क्षेत्रफळ खूप वाढते. त्यांच्या तळाशी खळगे असतात. तेथे तयार झालेल्या नव्या पेशी वर सरकतात. निरोगी विलायाची उंची खळग्याच्या खोलीच्या साधारण तिप्पट किंवा अधिक भरते.

१९५७ साली क्रॉस्बी आणि कुगलर यांनी गिळता येणारी कुपी तयार केली. तिच्यामुळे शस्त्रक्रियेविना आतड्याचा तुकडा मिळू लागला. आज हे काम तोंडावाटे सोडलेल्या दुर्बिणीतून, बारीक चिमट्याने करतात. विकृती सगळीकडे सारखी नसते, म्हणून चार-सहा तुकडे घेतात. ते मेणात बसवून मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढे पातळ काप करतात आणि रंगवतात. काप तिरका गेला तर उंच विलायही बुटके दिसतात. केळे उभे, आडवे व तिरके कापून दाखवले, की विद्यार्थ्यांना हे पटकन कळते.

विलाय झिजलेले, खळगे खोल आणि आवरणात लिम्फोसाइट पेशींची गर्दी असे दिसले, की आपल्याला सिलिअ‍ॅक रोगाची शंका येते. यात गव्हातील ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच आतड्याला इजा करते. पण कमीअधिक प्रमाणात असेच चित्र उष्णकटिबंधीय स्प्रू, जिआर्डियाचा संसर्ग आणि कुपोषण यांतही दिसते. स्प्रूसारख्या विकारांचा अभ्यास वेल्लोरला बेकर व माथन यांनी केला. मुंबईत जीजीभॉय, देसाई, अँटिया आदींनी १९६६ साली तो प्रसिद्ध केला. शिवाय उष्ण प्रदेशातील निरोगी माणसांचेही विलाय पुष्कळदा बोटांसारखे नसून पानांसारखे रुंद असतात. म्हणून तुलना युरोपातील पुस्तकी चित्राशी करून भागत नाही.

कधी पुरावा थेट मिळतो. जिआर्डियाचे जीव विलायांलगत दिसतात. क्षयात पेशींच्या गाठी आणि त्यांच्या मध्यभागी पनीरासारखा मृत भाग आढळतो.

चुकीची किंमत मोठी असते. सिलिअ‍ॅकला जन्मभर गहू वर्ज्य. स्प्रूला काही महिने फॉलिक आम्ल आणि टेट्रासायक्लिन. क्षयाला क्षयाचीच औषधे. म्हणून तुकड्याबरोबर रक्तातील प्रतिपिंडे, आहार आणि उपचारांना मिळालेला प्रतिसाद हे सारे एकत्र पाहूनच निदान करतात. तपासणीपूर्वी स्वतःहून गहू बंद करू नये; विलाय भरून येऊ लागतात आणि पुरावाच पुसला जातो.

शिक्षकांनी निदान करायचे नाही. मुलाला वेळेवर डॉक्टरांकडे पाठवायचे. निदान झाल्यावर मात्र डब्याकडे लक्ष हवे. पोळी, रवा, शेवया, बिस्किटे नकोत. मुळशीसारख्या भाताच्या तालुक्यात भात आहेच, शिवाय ज्वारी, बाजरी, नाचणी चालते. फक्त गिरणीत ते दळण गव्हावर दळू नये, एवढे पालकांना आवर्जून सांगावे.