गाडीचं इंजिन बदललंय? मग तीन गोष्टी जुळल्या का पाहा

गटाचा माल बाजाराला न्यायचा तर गाडी लागते. नवी परवडत नाही, म्हणून बरेच गट जुनी गाडी बघतात. अशा वेळी विकणारा हमखास सांगतो, "ताई, इंजिन नुकतंच बदललंय, आता काळजीच नाही." आज आपण या एका वाक्याबद्दल बोलणार आहोत.

इंजिन बदललेली गाडी वाईटच असते असं आम्ही म्हणत नाही. नीट बसवलेलं इंजिन वर्षानुवर्षं चालतं. पण त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: टायमिंग, कॉम्प्युटर आणि कागद. यातली एक जरी राहिली, तरी गटाची पुंजी गॅरेजच्या बिलात जाते.

आधी टायमिंग समजून घेऊ. इंजिनात पिस्टन खालीवर होतो. त्याच्या वरच्या बाजूला झडपा असतात, त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. काही व्हॉल्व्ह हवा आणि पेट्रोल आत घेतात, काही धूर बाहेर सोडतात. ते कधी उघडायचे हे ठरवतो कॅमशाफ्ट, म्हणजे उंचवटे असलेला एक दांडा. पिस्टनमुळे जो दांडा फिरतो तो क्रँकशाफ्ट. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरतो. हा हिशोब सांभाळतो दात्यांचा पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट. काही गाड्यांत पट्ट्याऐवजी साखळी असते. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो आणि मिटतो.

एका उखळात दोघी कांडायला लागल्या की एकीचं मुसळ वर जातं तेव्हा दुसरीचं खाली येतं. ताल चुकला की मुसळावर मुसळ आपटतं. इंजिनाचंही तसंच आहे. पट्टा एक दाता पुढेमागे बसला, तर गाडी बहुतेक वेळा चालू होते. पण चढावर दम टाकते आणि पेट्रोल जास्त पिते. जास्त दाते चुकले, तर काही इंजिनांत पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन खोलावं लागतं.

म्हणून पट्टा बसवताना पुलीवरच्या खुणा जुळवतात. जाणता मेकॅनिक एवढ्यावर थांबत नाही. तो गाडी चालू करण्याआधी क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवतो आणि खुणा पुन्हा पाहतो. दोनच फेरे का? कारण तेवढ्यात कॅमचा एक फेरा पुरा होतो. "हाताने फिरवून पाहिलं का?" हा प्रश्न आपण बिनधास्त विचारावा.

कुणी म्हणेल, "टायमिंग थोडं सरकवून पिकअप वाढवून देतो." शर्यतीच्या गाड्यांत असं करतात. हवा घेणारा व्हॉल्व्ह उशिरा मिटवला की जोरात पळताना ताकद वाढते, पण हळू चालताना ओढ कमी होते. आपल्याला भरलेली गाडी घेऊन घाट चढायचा असतो, म्हणजे हळू चालतानाच ओढ हवी असते. त्यामुळे कंपनीने दिलेली खूणच आपल्यासाठी बरी.

आता कॉम्प्युटर. जुन्या गाड्यांत कार्बोरेटर असायचा. नंतरच्या गाड्यांत पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची हे एक पेटी ठरवते. गॅरेजमध्ये तिला ईसीएम म्हणतात. क्रँक कुठे आहे, कॅम कुठे आहे, इंजिन किती गरम आहे, हवा किती येते, धुरात ऑक्सिजन किती उरला, हे सगळं सेन्सर तिला कळवतात. साधारण 14.7 किलो हवेला 1 किलो पेट्रोल, हे प्रमाण धरून ती चालते. सकाळी इंजिन थंड असलं की ती पेट्रोल थोडं जास्त सोडते.

या पेटीतला सगळा हिशोब एका ठरावीक इंजिनासाठी भरलेला असतो. क्रँकच्या चाकावरचे दाते मोजून ती पिस्टनची जागा ओळखते. दुसऱ्या इंजिनाच्या चाकावर दाते वेगळे असले, तर पेटीची मोजणीच चुकते. मग ठिणगी अवेळी पडते, गाडी मिसिंग मारते, काळा धूर सोडते. म्हणून इंजिनासोबत त्याची पेटी, वायरिंग आणि सेन्सर यांचा पूर्ण संच यायला हवा. काही गाड्यांची पेटी चावीचा कोडही ओळखते. तो जुळवला नाही तर गाडी चालूच होत नाही.

मारुती ओम्नीचं उदाहरण घ्या. तिचं इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. आधीच्या ओम्नीत कार्बोरेटर होता, नंतरच्या ओम्नीत इंजेक्शन आलं. जुन्या ओम्नीत नंतरचं इंजिन बसवायचं, तर पेटी आणि वायरिंग तर लागतंच, शिवाय जास्त दाबाचा पेट्रोल पंपही लागतो. कार्बोरेटरचा पंप इंजेक्शनला पुरत नाही.

आपण स्वतः काय तपासावं? गाडी सकाळी, थंड असतानाच पाहायला जा. चावी फिरवा, पण इंजिन चालू करू नका. डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा दिवा लागला पाहिजे. मग इंजिन चालू करा. आता तो विझला पाहिजे. विझला नाही तर दोष आहे. आधी लागलाच नाही, तर दोष लपवायला कुणी दिवाच काढलेला असू शकतो. मेकॅनिकला स्कॅनर लावायला सांगा. मग माल भरून चढावर चालवून पाहा. टकटक आवाज आला, तर ठिणगीची वेळ तपासून घ्या.

शेवटी कागद. आरसी बुकावरचा इंजिन नंबर आणि इंजिनावर ठोकलेला नंबर स्वतः वाचून ताडून पाहा. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 प्रमाणे गाडीची मूळ नोंद आणि प्रत्यक्ष गाडी यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची मंजुरी घ्यावी. मंजुरीशिवाय बदललं गेलं असेल, तर 14 दिवसांच्या आत आरसी बुकासह आरटीओला कळवावं लागतं. नंबर जुळला नाही तर अपघातानंतर विम्याचे पैसे अडकू शकतात. इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं, तर पोलीस आपल्या दारात येतात. म्हणून इंजिन खरेदीची पावतीही मागून घ्या.

विकणारा घाई करेल, "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे" म्हणेल. म्हणू द्या. गटाच्या बैठकीत ठराव करून ठेवा, की हे तीन जोड जुळल्याशिवाय विसार द्यायचा नाही. बघायला जाताना दोघीतिघी मिळून जा, आणि एकीच्या हातात वही असू द्या.