फटीतून जाणारे शहर

पुण्यात 'गाडी आणली आहे का?' असे विचारले जाते तेव्हा विचारणाऱ्याच्या मनात दुचाकी असते. चारचाकी अभिप्रेत असेल तर 'फोर व्हीलर' असा वेगळा शब्द योजावा लागतो. 2018 साली पुण्याच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातील नोंदणीकृत वाहनांची संख्या 36 लाखांच्या पुढे गेली आणि त्यांपैकी सुमारे 27 लाख दुचाकी होत्या. भंगारात गेलेली गाडीही कागदावर बराच काळ जिवंत राहते, हे जमेस धरले तरी चार वाहनांतली तीन दुचाकी असणाऱ्या शहरात 'गाडी' या शब्दाला दुसरा अर्थ उरण्याचे कारण नाही.

शहराच्या वाहतुकीची पूर्वपीठिका थोडक्यात अशी : सायकलींचे शहर म्हणून पुण्याचा लौकिक होता, 1950 मध्ये महापालिका झाली आणि शहर बससेवा तिच्या हाती आली, पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा 2007 मध्ये एकत्र होऊन पीएमपीएमएल अस्तित्वात आली, बसगाड्यांसाठी राखीव मार्गिका, म्हणजे बीआरटी, डिसेंबर 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर सुरू झाली, आणि 6 मार्च 2022 रोजी मेट्रो धावू लागली.

सायकलीकडून गाडीकडे झालेल्या प्रवासाची दोन यंत्रे साक्षीदार आहेत आणि दोन्ही मूळच्या इटलीतील पियाजिओ कंपनीच्या घराण्यातली आहेत. आकुर्डीत बनणारी बजाजची स्कूटर आधी व्हेस्पाच्या परवान्यावर निघत असे. तो करार संपल्यावर 1972 मध्ये राणाप्रताप यांच्या घोड्याचे नाव घेऊन 'चेतक' आली, आणि परवाना-राजवटीत उत्पादनावर मर्यादा असल्याने नाव नोंदवलेले गिऱ्हाईक वर्षानुवर्षे वाट पाहत राहिले. त्याच 1972 मध्ये फिरोदियांच्या कायनेटिकने 50 सीसीची 'लुना' आणली. लुनाला पेडल होते, म्हणजे पेट्रोल संपले तर ती सायकलसारखी मारत घरी नेता येई, आणि सायकलवर वाढलेल्या शहराला मोटारीच्या यंत्राशी जुळवून घेण्यासाठी याहून सोपी पायरी मिळाली नसती. चेतकचे वळण वेगळे होते : इंजिन मधोमध नसून उजव्या अंगाला असे, आणि सकाळी ती रुसली की मालक तिला एका कुशीवर तिरकी करून पुन्हा सरळ करी व मगच किक मारी. हा विधी निम्म्या मध्यमवर्गाला तोंडपाठ होता. पुढे 1984 च्या कायनेटिक होंडाने गिअर आणि किक यांपासून सुटका केली आणि स्कूटर घरातल्या कोणाच्याही हाती गेली.

दुचाकीचे खरे सामर्थ्य वेगात आहे, असा समज सार्वत्रिक असला तरी तो अपुरा आहे. कोथरूडहून मंडईपर्यंत जाणाऱ्या माणसाला बसथांब्यापर्यंतची चाल, बसची वाट, ती भरलेली आल्यास दुसरीची वाट आणि उतरल्यावरची चाल असा हिशेब करावा लागतो. मोटारीने जाणारा तेथे वेळेत पोहोचला तरी मोटार उभी करण्यासाठी जागा शोधत पेठांतून फेऱ्या मारतो. गाडीवाला मात्र सम तारखेला एका बाजूस व विषम तारखेला दुसऱ्या बाजूस गाडी लावण्याची पाटी वाचून दोन गाड्यांच्या मधल्या हातभर जागेत आपली गाडी सरकवतो आणि निघून जातो. या प्रवासात वाट पाहणे नावाचा भागच नाही, आणि हीच त्याची मोठी गोडी आहे.

तथापि ही सोय एका अटीवर मिळते आणि ती अट वाहतूक अभियंत्यांनी आकड्यांत लिहून ठेवली आहे. रस्त्यावरील निरनिराळी वाहने एकाच मापाने मोजता यावीत म्हणून मोटारीला 1 धरून इतरांना जे मूल्य देतात त्याला प्रवासी मोटार एकक म्हणतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या 1990 च्या शहरी रस्त्यांसंबंधीच्या मार्गदर्शिकेत दुचाकीचे मूल्य, तिचा वाहतुकीतील वाटा 5 टक्के असताना 0.5 धरलेले आहे. वाटा 10 टक्के किंवा त्याहून जास्त झाला की तेच मूल्य 0.75 होते. गाडीची लांबी-रुंदी तीच राहते, पण फटी संपतात. मोटारींमधल्या फटीतून जाणारी दुचाकी जणू रस्ता व्यापतच नाही, परंतु सगळेच फटीतून जाऊ लागले की फटीचाच रस्ता होतो आणि तोही तुंबतो. बेल्जियममधील ल्युवेन येथील एका संस्थेने 2011 मध्ये ब्रुसेल्सकडे जाणाऱ्या महामार्गावरून असे गणित मांडले होते, की चतुर्थांश मोटारचालकांनी मोटारसायकल घेतल्यास तेथील कोंडी नाहीशी होईल. मोटारींनी भरलेल्या त्या रस्त्यासाठी ते गणित पटण्यासारखे आहे. पुण्याने तो प्रयोग चतुर्थांशावर न थांबवता तीन चतुर्थांशांपर्यंत नेला. संध्याकाळी सिग्नल लागला की मागच्या गाड्या मोटारींच्या कडेकडेने पुढे झिरपतात, झेब्रा पट्टे दिसेनासे होतात, आणि सिग्नल सुटण्याआधीच पुढची ओळ चौकाच्या मध्यापर्यंत सरकलेली असते. मागे अडकलेल्या बसमधील साठ माणसे हा देखावा उभ्यानेच पाहतात, आणि त्यांतली काही पुढच्या पगारात गाडीचा हप्ता बसतो का, याचा हिशेब करू लागतात.

शहराने फटी कशा निर्माण केल्या हे पाहायचे असेल तर डेक्कन जिमखान्यापाशी मुठेच्या काठी उभे राहावे; एवढ्याशा अंतरात पुण्याच्या दुचाकीचा सारा इतिहास वाहतो. पानिपतानंतर उभारलेल्या लाकडी पुलावरून ज्याचे नाव पडले त्या लकडी पुलावर, म्हणजे संभाजी पुलावर, अनेक वर्षे दिवसा दुचाकींना बंदी होती. दुचाकींच्या शहरात मुख्य पूलच दुचाकींना नाही, हा विनोद पुणेकरांनी फारसे न हसता सहन केला, आणि परगावचा पाहुणा हटकून त्या पुलावर जाऊन वाहतूक पोलिसांच्या, म्हणजे 'मामां'च्या, हाती सापडत असे. नदी ओलांडण्यासाठी गाडीवाल्यांना दोन वाटा होत्या. त्यांतला झेड ब्रिज मोटारींना बंद, केवळ दुचाकींचा. आणि त्यावर संध्याकाळी कठड्याशी गाड्या लावून जोडपी नदीकडे तोंड करून बसतात, म्हणजे कोंडी टाळण्यासाठी बांधलेला पूल शहराचे बसायचे ठिकाण झाला, हे त्याचे भाग्यच मानावे. त्याच्या पायथ्याशी भिडे पूल आहे. तो पूल कमी आणि फरशी अधिक : नदीपात्रातील रस्त्याला जोडलेला, इतका बुटका की खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की पाण्याखाली जातो. 'भिडे पूल पाण्याखाली' ही दर पावसाळ्यातली बातमी बाहेरच्याला पुराची वाटते. पुणेकर ती वाचून फक्त उद्या कोणत्या बाजूने जायचे ते ठरवतो, आणि तरीही झेड ब्रिजवर गाडी थांबवून खालचे गढूळ पाणी पाहून येतो.

फटीतून जाण्याचे मोल शरीराला द्यावे लागते, हा भाग मात्र शहर आवडीने टाळते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली आणि त्यांत दुचाकीवरील 44.5 टक्के होती. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 129 प्रमाणे हेल्मेट सक्तीचे आहे, तरी 2019 च्या जानेवारीत पोलिसांनी अंमलबजावणी सुरू करताच पुण्यात विरोधाच्या फेऱ्या निघाल्या. शहरातल्या शहरात वेग कुठे असतो, हा त्यामागचा युक्तिवाद डोके किती उंचीवरून आपटते याचा विचार करत नाही. धूळ, ऊन आणि धूर यांच्याविरुद्ध मात्र हेच शहर जागरूक आहे : डोळे तेवढे उघडे ठेवून चेहऱ्याभोवती घट्ट गुंडाळलेला स्कार्फ आणि हातात कोपरापर्यंतचे मोजे हा पुण्यातील तरुणींचा वेश सक्तीशिवाय, कोणाच्याही आदेशाशिवाय रूढ झाला.

वनाजकडून येणारी मेट्रो आता याच नदीच्या काठाने, झेड ब्रिजच्या शेजारून जाते. तिच्या डब्यात वारा लागतो, घाम येत नाही, आणि वेळ ठरलेली असते. पेठांतल्या माणसाला स्थानकापर्यंत पायी येता यावे म्हणून नदीवर पादचारी पूल घेण्यात आले, आणि डेक्कनजवळच्या अशाच कामासाठी 2025 मध्ये भिडे पूल काही महिने वाहतुकीस बंद राहिला. त्या काळात गाडीवाले झेड ब्रिजवरून गेले. मेट्रोने जाणारेही थोडे नाहीत, पण त्यांतले बरेच जण घरापासून स्थानकापर्यंत गाडीनेच येतात, आणि वरून मेट्रो सुटण्याचा आवाज आला की खाली जिन्याजवळच्या रांगेत दोन हँडलांच्या मध्ये आपले हँडल बसते का ते घाईघाईने पाहतात.